महिन्याला किती लागेल?

सातारा-सांगलीकडे लोक गड चढायला जातात, फुलांचं पठार बघायला जातात, कुणी देवदर्शनाला जातात. मी ज्वारीचा भाव विचारायला गेलो होतो. अमरावतीहून, थंडीच्या दिवसांत, कमरेला पट्टा बांधून.

कारण असं की, माझी मुलगी केतकी आणि जावई रणजित म्युनिकला असतात. रणजित मूळचा वडूजच्या पुढच्या एका गावचा. (गावाचं नाव छापायचं नाही, अशी अट माझ्या व्याह्यांनी घातली आहे.) त्याने दिवाळीपासून एकच धोशा लावला होता, परत जायचं आणि गावातच राहायचं. कंपनी घरून काम द्यायला तयार होती, पण पगार निम्म्याहून कमी आणि तोही रुपयांत. बाकीचं शेतातून काढू, असं त्याचं म्हणणं. महिनाअखेरीला कंपनीला होय की नाही ते सांगायचं होतं. तेव्हा केतकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलंत. आता एकदा घरच्यांसाठी वापरा. तिथे आम्हाला महिन्याला किती लागेल ते जाऊन बघा. तुम्ही सांगाल तो आकडा आम्ही धरू."

कनिष्ठ महाविद्यालयात मी वर्षानुवर्षं क्रयशक्तीच्या समतेचा धडा शिकवला. एका युरोला किती रुपये हे बँक सांगते, पण बँकेच्या दरावर कुणाचं पोट भरत नाही. म्हणून एक टोपली कल्पायची. तेवढंच धान्य, तेवढंच दूध, घरभाडं, केस कापणं, डॉक्टर. ती टोपली दोन्ही देशांत भरायची आणि कुठे किती पडले त्यावरून खरा दर काढायचा. आज आणि तीस वर्षांपूर्वी यांचीही तुलना अशीच करतात. मुलं हे पाठ करायची, परीक्षेत लिहायची, मी गुण द्यायचो. टोपली घेऊन स्वतः बाजारात जायची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती.

निघताना बायकोने, सुनंदाने, दम भरला. "आकडा ओढूनताणून कमी करू नका. पोरगी जवळ यावी असं मलाही वाटतं. पण आली आणि पस्तावली, तर जन्मभर तुमच्या नावाने बोटं मोडेल." तिने माझं मन अचूक ओळखलं होतं. आमचा नातू मराठी चांगलं बोलतो, पण पडला की जर्मनमध्ये रडतो. मला तो जवळ हवा होता. असा माणूस भाव विचारायला पाठवू नये खरं तर.

खंडाळा

पुण्याहून येताना बस खंडाळ्याजवळ थांबली. हे हवा खायचं खंडाळा नव्हे, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. हमरस्त्यावरच्या चकचकीत हॉटेलात चहा प्यायलो आणि बिल बघून पुन्हा एकदा कप बघितला. तेवढ्यात आमच्या बसचा चालक समोरच्या टपरीवर त्याच्या तिसऱ्या हिश्शात चहा पिऊन, वर पान खाऊन आलाही होता. मी मनाशी नियम करून टाकला, रस्त्याच्या कडेचे भाव टोपलीत धरायचे नाहीत. तिथे चहाबरोबर आपण एसी, आरसे आणि बाहेरच्या मोटारींचा सहवासही विकत घेत असतो.

सातारा

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. कॉलेजात असताना सहलीला आलो होतो, तेव्हा पावकिलो घेताना दोन मित्रांत वर्गणी काढावी लागली होती. दुकानाच्या पायरीवर बसून हिशोब केला. माझ्या पहिल्या पगारात किती पेढे आले असते आणि आजच्या पेन्शनीत किती येतात? पेढ्यांच्या बाबतीत मी चांगलाच श्रीमंत झालो होतो. मग गंमत म्हणून तोच हिशोब जागेच्या भावाने केला, तर पार भिकारी ठरलो. महागाई सगळ्या वस्तूंना सारखी चढत नाही, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं होतं, पण एका हातात पेढा धरून ते जास्त चांगलं कळतं.

उंब्रजला मात्र फजिती झाली. रस्त्याकाठी भाजी घेऊन बसलेल्या एका बाईंना मी वांगी, मेथी, फ्लॉवर, गवार, असे ओळीने भाव विचारत सुटलो. बाईंनी सुरुवातीला सांगितले. मग तराजू खाली ठेवला.

"आवं काका, घ्याचं काय हाय का नुसतंच इच्यारायचं? सरकारी मानूस हाय व्हय तुमी?"

"नाही हो. मुलगी परदेशातून यायची आहे, तिच्यासाठी विचारतोय."

"मंग ती आल्याव तिला धाडा की. मी हितंच हाय."

शेजारच्या दोघी खदखदून हसल्या. शरमेने मी फ्लॉवरचा सगळ्यात मोठा गड्डा घेतला. तो मांडीवर घेऊन सांगलीपर्यंत गेलो आणि लॉजच्या मॅनेजरला भेट दिला. तो माणूस दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होता.

सांगली

सांगलीत मी शाळांची फी विचारली, दवाखान्यात जाऊन तपासणीचे दर विचारले, भडंग खाल्लं आणि केस कापले. भडंगाबद्दल एवढंच लिहितो, की आमच्या वऱ्हाडात चिवड्याला शेंगदाणे असतात, इथे शेंगदाण्यांना चिवडा असतो. हळदीच्या पेठेतून चालत गेलो, तेव्हा शर्टावर बसलेली पिवळी धूळ अजून गेलेली नाही.

केस कापणं हे टोपलीतलं माझं लाडकं उदाहरण. फोन कुठूनही मागवता येतो, त्याचा भाव म्युनिकला आणि सांगलीला साधारण सारखाच. पण न्हावी मागवता येत नाही. रणजित म्युनिकला पंचवीस युरो देऊन केस कापतो. खुर्चीवर बसल्या बसल्या मी हे सांगितलं, तेव्हा कात्री थांबली.

"रुपयं किती झालं?"

मी सांगितलं.

"डोक्याला मालिश करत्यात का त्यात?"

"नाही."

"मंग कसलं पंचवीस," असं म्हणून त्याने माझ्या टाळूवर अशा काही थापट्या मारल्या, की दाताची कवळी हलली. शंभराची नोट घेतली आणि वीस परत दिले. तिथल्या आणि इथल्या कात्रीत फरक नव्हता, वेळही तेवढाच लागला. तरी तिथे एकदा केस कापायच्या पैशात रणजित इथे दोन वर्षं केस कापू शकला असता. मला फार बरं वाटलं. टोपली आमच्या बाजूने बोलत होती.

वडूजच्या पुढे

तासगाव, विटा, मायणी असं करत वडूजला आलो. जाताना उसाची हिरवी भिंत दोन्ही बाजूंनी सोबत करते आणि मग कधीतरी लक्षात येतं की ती मागेच राहिली. पुढे माळ, मेंढरं, बोडक्या टेकड्या आणि जिथे पाणी आलंय तिथे कांद्याचे वाफे. आमच्या काळ्या जमिनीच्या मानाने इथली माती उघडीवाघडी वाटते.

व्याही, हणमंतराव, स्टँडवर ताठ उभे होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे चालताना पाय जरा फेकतात, पण उभे राहिले की कुणाला कळणार नाही.

"या पावनं. बस टायमावर आली आज. तुमी डिसिप्लिनवालं, बस बी तशीच."

घर रणजितच्या पैशांनी बांधलेलं, नवं, गच्चीचं. अंघोळीला साबण लष्करी कँटीनचा. गावात ज्या घरी माजी सैनिक, त्या घरचा साबण स्वस्त आणि शेजारच्या घरचा महाग. एकाच गल्लीत दोन भाव. हणमंतरावांनी मला आपल्या पहिल्या सुट्टीची गोष्ट सांगितली. त्या पगारात आईला लुगडं, बापाला घोंगडं आणि स्वतःला रेडिओ आणूनही पैसे उरले होते. "आता पेन्शन तवाच्या पगारापरीस किती पट हाय. पर तसा रेडू पुन्यांदा न्हाई आला घरात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मला शेत दाखवायला घेऊन गेले. वाफे बांधून तयार होते. कडेला कांद्याचं रोप हातभर वाढलेलं, पार लोळायला लागलेलं.

"लागण कधी?" मी विचारलं.

"मजूर आलं की." एवढंच बोलून ते विहिरीकडे निघून गेले.

बांधापलीकडच्या रानात सात-आठ बायका आणि दोन पुरुष वाकून कांदा लावत होते. गप्पा, हसणं चाललेलं. त्यांच्यातल्या कुणीही आमच्याकडे वळून बघितलं नाही. हणमंतरावांनीही तिकडे पाठच केली होती.

खरी गोष्ट मला संध्याकाळी विहीणबाईंनी, कमलताईंनी, सांगितली. भाकरी थापता थापता, हलक्या आवाजात.

या भागात पैरा म्हणून एक रीत आहे. आज तू माझ्या रानात दिवसभर राबायचं, उद्या मी तुझ्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. दिवसाला दिवस. हात भरभर चालो की हळू, दिवस सगळ्यांचा सारखाच. आमच्याकडे याला सावड म्हणत, पण ती मी फक्त ऐकलेली. या घराचा पैरा पाच-सहा घरांशी पिढ्यान् पिढ्या होता, आणि बांधाला बांध लागून असलेल्या ताराक्काशी तर सगळ्यात जुना. गेल्या वर्षी ताराक्काच्या घरची माणसं इथे राबून गेली आणि फेडायच्या वेळी हणमंतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. कमलताई दवाखान्यात त्यांच्याजवळ. रणजितला म्युनिकमध्ये हे कळलं. त्याने काय केलं, तर जेवढे दिवस फेडायचे राहिले होते त्यांची मजुरी, वर थोडे जास्त घालून, ताराक्काच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवून दिली. आईबापाच्या डोक्याला ताप नको म्हणून. एका पोराने मायेने केलेली गोष्ट.

"आनि तिथंच मोडलं बघा," कमलताई म्हणाल्या. "पैसं दिलं म्हंजी पैरा तोडला. ताराक्का बोलायची बंद झाली. बाकीच्यांनी बी आमाला सोडून पैरा धरला. मी जाऊन पाय धरलं असतं तिचं. पर ह्यास्नी खपत न्हाई. म्हनत्यात, पोरानं रोख दिलं, चोरी केली का?"

"मग आता लागण?"

"लांबची टोळी ठरवलीती. त्यास्नी दुसरीकडं जास्त मिळालं, गेली. रोप चाललंय हातातनं. आता लावलं न्हाई तर नुसती फुलाची डेंगळंच येतील, कांदा न्हाई."

त्या रात्री मी अंथरुणावर पडून पुन्हा सगळा हिशोब केला. दूध, धान्य, शाळा, दवाखाना सगळं स्वस्त, यात शंका नव्हती. पण लागण, खुरपणी, काढणी, प्रत्येक कामाला बाहेरची टोळी आणायची, तीही अडलेल्या माणसाच्या भावाने, तर शेत पिकवून घरात येण्याऐवजी घरातलंच शेतात जात होतं. रणजितचा निम्मा पगार या वाफ्यांनी खाल्ला असता. बांधाच्या पलीकडे राहणं परवडत होतं आणि अलीकडे परवडत नव्हतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर केतकीला उत्तर एकच होतं, येऊ नका. ते फोनवर कसं सांगायचं, या विचाराने मला झोप लागली नाही आणि नातवाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

पलीकडचं रान

सकाळी मी चहा घेतला, कमरेचा पट्टा आवळला आणि कमलताईंना म्हणालो, "तुम्हाला मनाई आहे. मला कुणी केलेली नाही." त्यांनी दोन भाकरी आणि खर्डा फडक्यात बांधून दिला. पैऱ्याला जाताना आपली भाकरी आपण न्यायची असते.

ताराक्का साठीची, सडपातळ, पदर कमरेला खोचलेली. मी बांध ओलांडून गेलो तशी ताठ उभी राहिली.

"काय सर? वाट चुकला का?"

"नाही. पैऱ्याला आलोय. हणमंतरावांच्या घरचा."

बायकांचे हात थांबले.

"त्यो पैरा मिटला," ती म्हणाली. "पैसं आलं, मिटला."

"पैसे रणजितने दिले. हणमंतरावांचा दिवस अजून तसाच आहे. तो घेऊन मी आलोय."

"मंग त्यास्नी येऊ द्या."

"त्यांना वाकता येत नाही आता."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "आनि तुमाला येतंय व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि कुणी काही म्हणायच्या आत चपला काढून चिखलात उतरलो. गार पाणी, गार चिखल. शेजारच्या बाईने रोप कसं धरायचं, अंगठ्याने कसं खोचायचं ते दाखवलं. मी लावलेली पहिली रोपं पाण्यावर तरंगून परत माझ्याकडेच आली. पुढची मी इतकी खोल दाबली, की कांद्याला वर यायला परवानगी मागावी लागली असती. माझा वाफा अर्धा व्हायच्या आत बाकीच्यांचे दोन-दोन झाले. दर थोड्या वेळाने मी कमरेवर हात ठेवून आकाश बघत होतो. अमरावतीत मी झाडूसुद्धा वाकून मारत नाही, हे सुनंदाला तोंडपाठ आहे.

दुपारी बाभळीखाली भाकऱ्या सुटल्या. ताराक्काने न विचारता माझ्या भाकरीवर वांग्याचं कोरड्यास वाढलं आणि बराच वेळ आपलं जेवण तसंच ठेवून बोलली.

"त्ये पैसं म्या डोळ्यांनी बी बघितलं न्हाईत, सर. पोराच्या मोबाइलात आलं, त्येनं गाडीचा हप्ता भरला. मला आठ दिसांनी कळलं. माझं बाळंतपन कमलनं केलंय. तिच्या बाळंतपनात मी रात-रात बसलीया. हा रणजित माज्या मांडीव वाढला. आनि त्येनं माज्या दिसाचा रोज लावला? मी काय तिच्याकडं रोजंदारीव गेलती व्हय?"

तिचे डोळे भरून आले होते. "त्याला कळलं नाही," एवढंच मी म्हणालो, आणि ते खरं होतं. तिकडे कुणी आपल्यासाठी दोन तास खर्च केले, की त्याची भरपाई विचारणं ही सभ्यता समजतात. रणजितने तिकडची सभ्यता इकडे पाठवली होती.

संध्याकाळी हातपाय धुतले. ताराक्का माझ्या वाफ्यापाशी उभी राहिली. तिरक्या रांगा, मध्येच टक्कल पडलेलं. मला वाटलं, हा दिवस काही ती धरायची नाही, फार तर अर्धा म्हणेल. ती रोपाची उरलेली जुडी उचलत बायकांना म्हणाली, "उद्या हनमंताकडं. येळंत या गं."

घरी परतलो तर हणमंतराव ओसरीवर वाट बघत होते, लालबुंद. "आमच्या घरचा पावना लोकाच्या चिखलात? आब्रू घालवली तुमी माझी, सर." ताराक्काचा निरोप माझ्याआधीच घरी पोचला असावा, कारण मी काही बोलायच्या आत आतून कमलताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या धा मान्सांचा च्या करायचा हाय. साखर आना." हणमंतराव पिशवी घेऊन पाय फेकत दुकानाकडे गेले.

सकाळी त्या खरंच आल्या. बोलत, हसत, जणू वर्षभर काही झालंच नव्हतं. हणमंतराव खोरं घेऊन पाटावर पाणी धरायला उभे होते. ताराक्का वाफ्यात उतरली तसे ते म्हणाले, "ताराक्का, चुकलं गं. पोराला कळलं न्हाई, आनि म्या बी त्येला सांगितलं न्हाई."

ती वाकलेलीच होती. वर न बघता म्हणाली, "पानी हळू सोडा. रोप चाललंय वाहून."

त्यांनी मान खाली घातली आणि खोऱ्याने पाणी अडवलं. कमलताई पदराने डोळे पुसत चहा ओतत होत्या. मला उभं राहवत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं. कंबर गेली होती. तरी मी शेवटच्या वाफ्यात उतरलो.

त्या रात्री केतकीला फोन लावला. तिने हवापाणीही विचारलं नाही. "बाबा, किती?"

मी आकडा सांगितला. तिने धरला होता त्यापेक्षा बराच कमी होता. ती एकदम खूष झाली.

"थांब," मी म्हणालो. "यात लागणीची, काढणीची मजुरी धरलेली नाही."

"का?"

"कारण ती पैशांत द्यायची नाही. रणजितने दरवर्षी स्वतः वाकायचं. ताराक्काकडे, बाकीच्यांकडे, दिवसाला दिवस. तूसुद्धा. पैसे पाठवून चालणार नाही." आणि मग मी तिला सगळं सांगितलं, मोबाइलवरचे पैसे, वर्षभराचा अबोला, दुपारची भाकरी.

तिने विचारलं, "आणि आम्हाला नाही जमलं तर?"

"तर म्युनिकच स्वस्त."

फोन स्पीकरवर असावा, कारण पलीकडून रणजितचा आवाज आला. माझ्याशी तो नेहमी अगदी शुद्ध बोलतो. या वेळी तसं बोलला नाही.

"सर, ताराक्का काय म्हनली?"

"म्हणाली, मी काय रोजंदारीवर गेले होते का."

केतकीने हळूच त्याचं नाव घेतलेलं ऐकू आलं. मग त्याने नाक ओढलं.

"कंपनीला मी हो कळवतो," तो म्हणाला. "तिला सांगा, काढणीला पयला दिस माजा. मी येतोय."